अवयवदानाच्या कथा आणि दुःखानंतरचे प्रेम

अवयवदानावरची प्रेमकथा बहुधा एकाच साच्यातून निघते. नवरा-बायकोचे एकमेकांवर जिवापाड प्रेम असते, अपघातात बायको जाते, तिचे हृदय एका आजारी तरुणीला बसवले जाते आणि पुढे नेमकी त्याच तरुणीशी त्या नवऱ्याची गाठ पडते. दोघे प्रेमात पडतात. मग एके दिवशी उलगडा होतो की जिच्यावर जीव जडला तिच्या छातीत आपल्याच बायकोचे हृदय आहे. २००० साली आलेल्या ‘रिटर्न टू मी’ या अमेरिकन चित्रपटाची गोष्ट हीच. चार वर्षांनी आपल्याकडे ‘दिल ने जिसे अपना कहा’ आला. त्यात प्रीती झिंटाचे हृदय भूमिका चावलाला मिळते आणि ती सलमान खानकडे ओढली जाते. असे पाहताना रडू येते हे खरे आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण हा लेख चित्रपट परीक्षणाचा नाही. अवयवदानाचा विषय वस्तीत किंवा विहारात निघाला की लोक जे बोलतात ते कायद्याच्या माहितीतून फारसे आलेले नसते, या कथांतून आलेले असते. ‘ज्याला हृदय दिले त्याला आम्हाला भेटवतील ना?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘ज्याला डोळे मिळतील त्याच्या डोळ्यांतून माझा मुलगा जग बघेल’, असे एखादी आई म्हणते. असे बोलणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून काही तासांत होकार की नकार हे सांगायची वेळ ज्या घरावर येते, त्या घराला या साच्यातल्या कथेचा उपयोग होत नाही, झाला तर त्रासच होतो. म्हणून कथा कुठे खरे सांगतात आणि कुठे फसवतात ते नीट पाहू.

आपल्याकडे मृत्यूनंतर हृदय, यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे दान करता येतात ती मुख्यतः एकाच परिस्थितीत. मेंदूचे खोड, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कायमचे निकामी झालेले असते, पण व्हेंटिलेटरमुळे छाती हलत असते आणि हृदय चालू असते. दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला की असे घडू शकते. घरच्यांना हे पटणे फार कठीण जाते, कारण हात गरम लागतो आणि मॉनिटरवर रेषा उठत असते. कोमातला रुग्ण वेगळा. त्याच्या मेंदूचे खोड जिवंत असते आणि तो कधी शुद्धीवरही येतो. मस्तिष्कस्तंभ मेलेला माणूस परत येत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने यालाच मृत्यू मानले, आणि हा कायदा ज्या राज्यांत सर्वांत आधी लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. चार डॉक्टरांचे मंडळ तपासणी करते. किमान सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा होते आणि दोन्ही वेळा निष्कर्ष एकच आला तरच प्रमाणपत्रावर सह्या होतात. अवयव काढणारे आणि बसवणारे डॉक्टर या मंडळात नसतात. ‘अवयव पाहिजे होते म्हणून मेला असे सांगितले’ ही जी भीती लोक दबक्या आवाजात बोलतात, तिच्यासाठीच कायद्यात ही तरतूद आहे.

त्यानंतर समन्वयक घरच्यांना विचारतो. होकार दिला तरी अवयव कुणाला द्यायचे हे घरचे ठरवू शकत नाहीत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. त्यांच्याकडच्या प्रतीक्षायादीनुसार, रक्तगट, आजाराचे गांभीर्य आणि अंतर पाहून वाटप होते. हृदय काढल्यावर ते चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत बसावे लागते, मूत्रपिंड त्याहून बराच जास्त वेळ टिकते. रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका धावते ती या घड्याळामुळे. (२०११ चा मल्याळम ‘ट्रॅफिक’ याच धावपळीवर आहे आणि तो या बाबतीत बराच प्रामाणिक आहे.) दाता कोण आणि घेणारा कोण, हे दोन्हीकडे गुप्त ठेवले जाते. म्हणजे साच्यातल्या प्रेमकथेची पहिली अटच इथे मोडते.

ही गुप्तता निर्दयपणा वाटतो. पण थोडा विचार करा. हृदय घेणारा माणूस वर्षभराने संसर्गाने गेला, तर दात्याच्या आईला आपला मुलगा दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटेल. किंवा घेणाऱ्याच्या दारात रोज कुणी येऊन ‘आमच्या पोराचे हृदय सांभाळतोस ना, दारू पीत नाहीस ना’ असे विचारू लागले तर? २००३ च्या ‘२१ ग्रॅम्स’ या चित्रपटात याच्या उलटे घडते. हृदय मिळालेला माणूस खासगी गुप्तहेर लावून दात्याची विधवा शोधून काढतो. दोघांत नाते जुळते, पण ते सूडाच्या आणि अपराधीपणाच्या चिखलात रुतत जाते. ‘रिटर्न टू मी’पेक्षा हा चित्रपट पाहायला जड आहे. त्याने विचारलेला प्रश्न मात्र खरा आहे.

या विषयावरची सर्वांत प्रामाणिक कथा आमच्या मते फ्रेंच आहे. मेलिस द केरांगाल यांची ‘रेपारे ले व्हिव्हां’ ही कादंबरी २०१४ साली आली, आणि तिचे सारे कथानक चोवीस तासांत उरकते. सिमॉन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पहाटे समुद्रावर लाटांशी खेळून मित्रांबरोबर गाडीतून परतताना अपघातात सापडतो. त्याचे आईवडील वेगळे राहत असतात. रुग्णालयात ते पुन्हा एकत्र येतात. समन्वयक तोमा त्यांच्याशी बोलतो. तो त्यांना पटवत नाही, घाईही करत नाही. सिमॉन कसा मुलगा होता एवढेच तो विचारतो. आईवडील होकार देतात, पण आई म्हणते, डोळे नकोत. तोमा ते मान्य करतो. ‘एवढे दिले तर डोळ्यांचे काय’ असे तो म्हणत नाही. हृदय थांबवण्याआधी सिमॉनच्या कानात आपल्या सगळ्यांची नावे सांगा आणि समुद्राचा आवाज ऐकवा, एवढी विनंती घरचे करतात. शस्त्रक्रियागृहात सगळे हात थांबतात आणि तोमा ते करतो. हृदय पॅरिसमधल्या क्लेर नावाच्या भाषांतरकार बाईला मिळते. ते कुणाचे हे तिला कळत नाही, पुस्तक संपेपर्यंत नाही. तोमा सिमॉनचा देह धुऊन, टाके नीट करून, गात गात त्याला निरोप देतो.

वाचताना लक्षात येते की त्या कादंबरीत सिमॉनच्या घरच्यांना मोबदल्यात काहीच मिळत नाही, ना भेट, ना पत्र. मुलाचा देह तेवढा सन्मानाने परत मिळतो. आपल्याकडेही नियम तोच आहे. अवयव काढल्यावर देह शिवून, स्वच्छ करून घरच्यांच्या ताब्यात दिला जातो, अंत्यविधीला अडचण येत नाही आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरावर पडत नाही.

आता हृदयाबद्दल. साच्यातल्या कथेत नायक समोर आला की नायिकेचे नवे हृदय जोरात धडधडू लागते. शरीरशास्त्राला ही जागा गमतीची वाटेल. प्रत्यारोपण करताना हृदयाला मेंदूकडून येणाऱ्या चेता कापल्या जातात. त्या लगेच जोडता येत नाहीत, पुढे काही वर्षांत थोड्याफार वाढल्या तर वाढतात. त्यामुळे बसवलेले हृदय विश्रांतीतही नेहमीपेक्षा जलद चालते आणि भीतीने, आनंदाने किंवा जिना चढताना ते लगेच वेग घेत नाही. रक्तातले ॲड्रिनॅलिन पोहोचल्यावर थोड्या उशिराने घेते. म्हणजे प्रिय माणूस दारात उभा राहिला तर शरीरातले हेच एक हृदय असे, की ज्याला ते उशिरा कळते. दात्याच्या आवडीनिवडी, आठवणी, प्रेम हे सारे अवयवाबरोबर जाते याला विज्ञानाचा पुरावा नाही.

बुद्धविचार माहीत असलेल्याला याचे नवल वाटू नये. ‘मिलिंदपन्ह’मध्ये भदंत नागसेन मिलिंद राजाला विचारतात, रथ म्हणजे काय? चाक रथ आहे का, आस रथ आहे का, जू रथ आहे का? कुठलाच भाग रथ नसतो. ‘नागसेन’ही तसाच, भागांच्या जुळणीला दिलेले नाव. मग बायको म्हणजे तिचे हृदय नव्हे. ती तिच्या बोलण्यात, चालण्यात, भांडणात, स्वयंपाकाच्या सवयीत, आपल्याबरोबरच्या वीस वर्षांत होती. ती जुळणी सुटली. हृदय हा तिचा एक भाग, तो दुसऱ्या जुळणीत गेला आणि तिथल्या माणसाचा झाला. आनंद गांधी यांच्या ‘शिप ऑफ थिसियस’ या २०१२ च्या चित्रपटाने हाच प्रश्न मुंबईत आणून ठेवला. एका दात्याचे अवयव आठ जणांना मिळतात, आणि शेवटी ते सगळे एकत्र बसून दात्याने गुहेत केलेले चित्रीकरण पाहतात. दाता पडद्यावर नीट दिसतच नाही, दिसते ती फक्त भिंतीवरची त्याची सावली. चित्रपटाचे नाव ग्रीक कोड्यावरून घेतले आहे, फळ्या बदलत गेलेले जहाज तेच की दुसरे? नागसेनांचा रथ त्याचा सख्खा भाऊ म्हणावा.

अवयवदानाची सर्वांत जुनी कथा मात्र आपल्याच परंपरेत आहे. सिवि जातकातला राजा आंधळ्या ब्राह्मणाच्या वेशात आलेल्या शक्राला आपले दोन्ही डोळे देतो, आणि वैद्य ते काढतो त्या वेदनेचे वर्णन जातककाराने टाळलेले नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. सहलीला गेलेले आपले लोक तिच्यासमोरून पुढे निघून जातात. श्रीलंकेत हेच जातक दानाची सवय बनले. डॉ. हडसन सिल्व्हा यांनी तिथे १९६१ साली नेत्रदान संस्था उभी केली, आणि एका लहान बौद्ध देशातून जगभर नेत्रपटले जाऊ लागली. आपल्याकडे अजून ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होशील’ असे म्हणणारे भेटतात. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो ही कल्पनाच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाजूला सारली आहे, आत्म्याला डोळे लागतात हे तर फार दूरचे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पिंडदान होत नाही पण नेत्रदानालाही नकार मिळतो, हे आम्हाला विसंगत वाटते. जातकाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिथेही कथाकाराला राहवत नाही, आणि शेवटी राजाला सत्यक्रियेच्या बळावर डोळे परत मिळतात. दात्याला काहीतरी परत मिळावेच, हा मोह ‘रिटर्न टू मी’च्या आधी दोन हजार वर्षे होता.

कथा ज्याबद्दल गप्प असतात ते पैशाचे आणि जातीवर्गाचे. ‘शिप ऑफ थिसियस’चा तिसरा भाग याला अपवाद आहे. त्यात एका गरीब कामगाराचे मूत्रपिंड त्याला न कळत काढून घेतलेले असते. कायद्यातल्या कडक अटी आल्या त्या अशाच धंद्याला आळा घालण्यासाठी. कायदेशीर दानातही प्रश्न शिल्लक आहे. हेल्मेटशिवाय दुचाकीवरून जाणारा कामगार दाता होऊ शकतो, पण हृदय प्रत्यारोपणाचा आणि आयुष्यभराच्या औषधांचा खर्च त्याच्या वर्गातल्या किती जणांना झेपेल? जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त हेही देशभर दिसते. बायको देते, आई देते, बहीण देते. म्हणून दान करू नये असे आम्ही म्हणत नाही. मृत्यूनंतरचे दान वाढले तर जिवंत बायकांवरचा हा भार कमी होईल, आणि सरकारी रुग्णालयांत प्रत्यारोपण वाढवा ही मागणी त्याच्या जोडीनेच करावी लागेल. भारतात दहा लाख लोकसंख्येमागे मृत्यूनंतर दान करणारा वर्षाला एकही भरत नाही, तर स्पेनमध्ये हा आकडा पन्नासच्या आसपास आहे. तिथला कायदा मोठा उदार आहे म्हणून हे घडले असे समजू नका. तिथेही घरच्यांना विचारतातच. घरच्यांशी कसे बोलायचे याचे शिक्षण त्यांनी दिले, हे त्यांचे खरे काम.

आपल्या घरी करण्यासारखे काय? प्रतिज्ञापत्र भरणे चांगलेच, पण वेळ आल्यावर रुग्णालय सही घरच्यांचीच मागते. म्हणून कार्ड पाकिटात ठेवण्यापेक्षा घरात बोलून ठेवणे जास्त उपयोगी. काय द्यायचे आणि काय नको, सिमॉनच्या आईसारखे, हेही सांगून ठेवता येते. नेत्रदानाला तर मस्तिष्कस्तंभ मृत्यूची अट नाही. घरी वारलेल्या वृद्धाचे डोळेही चालतात, चष्मा असला तरी, मोतीबिंदू काढला असला तरी. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचे, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोके थोडे उंचावर ठेवायचे.

आणि मग दुसरे प्रेम. साच्यातल्या कथेचा खरा डाव इथे आहे. बायको गेलेल्या माणसाला पुन्हा प्रेम करायचे आहे, पण त्याचे त्यालाच ते पाप वाटते. कथाकार युक्ती करतो. नव्या बाईच्या छातीत जुनीच बायको बसवतो. म्हणजे त्याने दुसरीवर प्रेम केलेच नाही, पहिलीवरच केले. प्रेक्षकाची सोय झाली. पण त्या नव्या बाईचे काय? ती भाड्याचे घर झाली. ‘रिटर्न टू मी’मधल्या ग्रेसला हे कळते तेव्हा ती पळून जाते, आणि आमच्या मते चित्रपटातला तो सर्वांत शहाणा क्षण आहे.

किसा गौतमी मेलेले मूल काखेत घेऊन तथागतांकडे आली तेव्हा त्यांनी तिला दुसरे मूल दिले नाही, मूल कुठे जन्मले तेही सांगितले नाही. मोहरीसाठी घरोघर पाठवले. दार उघडणाऱ्या प्रत्येकीने आपल्या घरातला मृत्यू सांगितला. दुःखातली बाई माणसांत परत आली ती अशी.

अल्मोदोवार यांचा ‘ऑल अबाउट माय मदर’ हा १९९९ चा स्पॅनिश चित्रपट याच वाटेने जातो. मान्युएला माद्रिदच्या रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयाचे काम करणारी परिचारिका. घरच्यांशी कसे बोलावे हे डॉक्टरांना शिकवताना ती दुःखी आईचा अभिनय करत असते. मग तिचाच मुलगा एस्तेबान अपघातात जातो आणि तिचेच सहकारी तिच्यासमोर कागद ठेवतात. ती सही करते. नंतर नियम मोडून, ज्याला हृदय मिळाले तो माणूस रुग्णालयातून बाहेर पडताना दुरून पाहून येते. तिथे काहीच घडत नाही. तो तिला ओळखत नाही, ती त्याच्याशी बोलत नाही. मान्युएला बार्सिलोनाला जाते, आणि तिथे तिला पुन्हा माया लागते ती एका आजारी गर्भवती जोगिणीची, मग तिच्या पोरक्या बाळाची. बाळाचे नाव एस्तेबानच ठेवतात, पण हा मुलगा वेगळा आहे हे तिला पक्के माहीत असते.

आपल्या इतिहासात याहून जवळचे उदाहरण आहे. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पाच वर्षांनी बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक त्यांच्या स्मृतीस अर्पण केले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. ती अर्पणपत्रिका आणि तो विवाह यांत एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले नाही. माईसाहेबांनी त्यांची शेवटची वर्षे सांभाळली, आणि १९५६ नंतर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी विधवा झाल्यावर, २००३ पर्यंत त्या जगल्या. त्या काळात समाजाने त्यांना बरेच प्रश्न विचारले. एकटेपण कसे जाते हा प्रश्न त्यांत फारसा नव्हता.

आजच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका चाळून पाहा. विधुराच्या अपेक्षांत घर सांभाळणारी, मुलांना माया लावणारी, शक्यतो प्रथमवधू असे लिहिलेले सापडेल. चाळिशीतल्या विधवेचे नाव मुळात त्या पुस्तिकेत येतच नाही, कारण मुले मोठी झाली, आता कशाला, असे घरातच ठरलेले असते. ते तिला विचारून ठरवले होते का, एवढे पुढच्या मेळाव्याच्या आयोजकांनी फोन करून विचारायला हरकत नाही.